न काढलेल्या तीन कळश्या

विनायक, आधी ते तू-तुम्हीचं मिटवून टाकू.

किती वेळा भांडलास माझ्याशी. "मावशी, माझी आई तुझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि तू मला अहो-जाहो करतेस. ऐकणाऱ्याला वाटेल मीच म्हातारा." मी म्हणायचे, साहेब ते साहेब. मग तू म्हणालास, "ठीक आहे, मी पण तुम्हाला गोदाबाईसाहेब म्हणतो," आणि पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर दोन दिवस तसं म्हणालास सुद्धा. पोरी हसून हसून मेल्या. तरी मी हटले नाही. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. आता तुला उलट बोलता येत नाही, तर मी तू म्हणते. बघ, शेवटी तुझंच झालं.

हे मी बोलते आणि सुनंदा लिहिते. तीच पॅकिंगची सुनंदा, औषधाच्या बाटलीला लेबल लावणारी. कारखान्यातल्या लोकांनी तुझ्या नावाने लहानसं पुस्तक काढायचं ठरवलंय. ज्याने त्याने आपली आठवण द्यायची. मला म्हणाले, मावशी, साहेबांनी पॅकिंगला पाणी आणलं ते सांगा, चार ओळी पुरेत. म्हटलं सांगते. पण चार ओळीत बसणार नाही. आणि त्यांना वाटतंय तसं ते झालंही नाही.

तुझं ते कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हा मुलुंडला आपल्या पहिल्या मजल्याची भिंत फोडावी लागली होती. दारातून जाईना. दोन कपाटं एकमेकाला चिकटवावीत एवढं मोठं. त्याच्यासाठी थंड खोली केली, नवीन फरशी टाकली, त्याची लाईटची वायर पण वेगळी, खालच्या मीटरच्या खोलीतून सरळ वर आलेली. लोक दारात चपला काढायचे. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप काढायला लागले. वॉचमनने पहिल्याच दिवशी लिंबू-मिरची बांधली. मला झाडायला आत सोडायचे, पण आधी बजावलं, हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही, हे मला काही नवीन नव्हतं. गावाला विहिरीचं तसंच होतं. आम्ही लांब उभं राहायचं. ज्यांची विहीर ते काढायचे, मनात आलं तर आमच्या कळशीत वरून ओतायचे. सकाळी गेलेली माझी आई दुपारी एक कळशी घेऊन यायची. म्हणून मी मशीनला चार हात सोडून झाडायचे.

तू बघितलंस. "मावशी, मागे धूळ राहिलीय."

"साहेब, हात लागंल."

"लागू दे की. चावतंय काय ते?"

आणि उठून माझा हात धरून त्याच्या अंगावर ठेवलास. कोमट होतं. आतून बारीक थरथरत होतं, गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवल्यासारखं. मी हात काढून घेतला. घरी जाईपर्यंत तो हात मी कशाला लावला नाही. तुला वाटलं मी घाबरले. घाबरले नव्हते रे. ते अंग हातावर राहावं असं वाटत होतं.

मग तू मला झाकण उघडून आतल्या तबकड्या दाखवल्यास. परातीएवढ्या, एकावर एक, आरशासारख्या. म्हणालास, "ह्याच्यात आपली एकूण एक बाटली आहे. कुठल्या दिवशी भरली, कुठल्या गावाला गेली. उद्या एखादी खराब निघाली तर तिच्यासोबत भरलेल्या बाकीच्या कुठे आहेत, ते पंधरा मिनिटात कळेल. आता काय होतं? दहा माणसं आठवडाभर रजिस्टरं चाळतात, आणि तोवर लोक पीत असतात."

माझा थोरला सहा वर्षांचा होऊन खोकल्याने गेला. त्याला शेवटी कुठलं औषध दिलं, कुठून आलं होतं, मला माहीत नाही. कोणाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या तबकड्यांकडे बघून मी एवढंच म्हटलं, "ह्यांना सगळं आठवतं?" तू म्हणालास, "सगळं. आपण विसरलो तरी."

मग त्या मशीनचा डोळा मिटायला लागला.

डोळा मिटला, हे माझं म्हणणं. तुम्ही इंग्रजीत काहीतरी म्हणायचात. चालता चालता एकदम पंख्याचा आवाज खाली यायचा, काचेवरची हिरवी अक्षरं जायची, आणि कोणी बोट लावायच्या आत ते आपलं आपण परत सुरू व्हायचं. पण मधल्यामध्ये काय काय सांडायचं. आत बसून माहिती भरणाऱ्या दोन पोरींचं सकाळपासूनचं काम जायचं, आणि कधी कधी जुनं सुद्धा बिघडायचं. साताऱ्याला गेलेली बाटली नागपूरला दाखवायचं. एका दिवशी एकदा, एका दिवशी दोनदा. वेळ ठरलेली नाही. कंपनीचा माणूस येऊन आतले दोन भाग बदलून गेला. तरी तेच.

आपले मॅनेजर बोलायला गोड, ते तुला माहीतच आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सावंत, तुझ्या मशीनला फिट येतात का रे? चप्पल हुंगवून बघ." लोक हसले. तू पण हसलास. पण तुझे कान लाल झालेले मी बघितले. मशीन घ्या म्हणून तूच वर्षभर त्यांच्या मागे होतास. तुझे वडील गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच, घर तुझ्या एकट्यावर. दोन लहान मुलं.

मग त्यांना मी सापडले. म्हणाले, "ही बाई फडकं मारताना वायर हलवते. उद्यापासून हिला आत सोडू नका."

तू तेव्हा जागेवरून उठला पण नाहीस. टेबलावरचा कागद बघत म्हणालास, "साहेब, मंगळवारी मावशी रजेवर होती. मंगळवारी मशीन दोनदा बंद पडलं." बस. एवढंच. माझ्यासाठी कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ओरडून नाही, हातापाया पडून नाही. नुसता मंगळवार काढून समोर ठेवलास.

आणि विनायक, मी खरंच त्यात होते. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण होते.

मॅनेजरने तुला शनिवारपर्यंतची मुदत दिली, आठ दिवस. कारण सापडलं नाही तर मशीन परत जाणार आणि त्याच्यामागे तू. दुसरा असता तर डोकं धरून बसला असता. तू बाजारातून पाच वह्या आणल्यास. वॉचमनला एक, कॅन्टीनच्या अण्णाला एक, वायरमनला एक, पॅकिंगच्या सुपरवायझरला एक आणि मला एक. सगळ्यांना उभं करून सांगितलंस, "मला कारण सांगू नका. कारण मी शोधीन. तुमच्याकडे काय झालं आणि किती वाजता झालं, एवढंच लिहा. शिंक आली तरी लिहा. रोज संध्याकाळी वही माझ्याकडे, सकाळी परत तुमच्याकडे."

अण्णाने खरंच शिंका लिहिल्या. पहिल्या दिवशी सात. तू त्या पण मन लावून वाचल्यास. मी म्हटलं, "साहेब, शिंकेनं मशीन बंद पडतं व्हय?" तर म्हणालास, "पडत नसेल. पण पडत नाही हे मला माहीत कुठे आहे?" हे बोलणं मी कितीतरी दिवस घोळवत होते. शिकलेला माणूस, आणि मला माहीत नाही म्हणताना जरा सुद्धा अडखळला नाही.

मी वही परत करायला आले होते. "मला लिहिता येत नाही."

"आकडे येतात?"

"शंभरापर्यंत येतात. घड्याळ पण कळतं."

"मग झालं की. आकडा घाल आणि पुढे चित्र काढ. झाडलंस तर झाडू. चहा दिलास तर कप."

"आणि पाणी आलं, पंप लावला तर?"

"तुला काय काढता येईल?"

"कळशी येईल."

"कळशी काढ. झकास."

पन्नाशी उलटल्यावर माझ्या हातात पहिली वही आली. आम्ही दुष्काळात गाव सोडून घाटकोपरच्या डोंगरावर आलो. तिथे घर बांधताना मी दगड फोडले, नवरा गेल्यावर गटारं उपसली. पण हातात पेन धरून इतका घाम कधी आला नव्हता. पहिली कळशी काढली तर सुनंदा म्हणाली, "मावशी, हे वांगं आहे का गं?" लिही गं सुनंदा, म्हणाली होतीस.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. महापालिकेचं पाणी आपल्या इथे कधी येईल त्याचा नेम नाही. सकाळी आठला येईल नाहीतर दुपारी बाराला. पण खालच्या नळात आधी वारा सुटतो, तो आवाज मला लांबून कळतो. मी रजेवर असले तरच वॉचमन पंप लावायचा, नाहीतर मीच. पळत गेले, पंपाचं बटण दाबलं, वहीत कळशी काढली, पुढे अकरा वीस घातले. मग फडकं घेऊन वर आले. तू फळ्यावर खडूने वेळ लिहीत होतास, मशीनचा डोळा मिटला ती. अकरा वीस.

मी वही उघडून मागची पानं बघितली. काल कळशी नऊ पाच. फळ्यावर काल नऊ पाच. परवा दोन कळश्या, फळ्यावर दोन वेळा. मी तिथेच फरशीवर बसले. तू विचारलंस, "काय झालं गो?" मी म्हटलं, "चक्कर आली." तू मला पाणी दिलंस. त्याच टाकीतलं.

आता सांगते ते सुनंदाला पण माहीत नाही. पॅकिंगला चाळीस बायका, एक संडास, आणि त्याला पाणी नाही. वरची टाकी होती, पण तिथल्या लाईनला लाईट इतकी कमी यायची की पंप नुसता घूं घूं करायचा, पाणी वर चढायचंच नाही. कितीदा सांगितलं, अर्ज दिला. बघू, बघू. बायका काय करणार? दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना एक कप चहा, मग संध्याकाळी घरी गेल्यावर. आतून सुकून जायच्या पोरी. एक दिवस एक पोर कामावरच कळवळून पडली. लघवीतून रक्त. दवाखान्यात अकरा दिवस होती.

सुनंदाने पेन खाली ठेवलं. उचल. ती पोर तूच, पण जे झालं ते तुझ्यामुळे नाही, पाण्यामुळे. उचल आणि लिही.

तिला दवाखान्यात बघून आले आणि मी वायरमनला गाठलं. म्हटलं, "वरच्या मशीनला वेगळी लाईट दिलीय, ती कधी कमी होत नाही. त्यातून पंपाला एक वायर दे." तो म्हणाला, "मावशी, नोकरी जाईल दोघांची." मी म्हटलं, "तुझी बहीण असती तर?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने संडासामागच्या खाचेतून वायर ओढली आणि वरून चुना फासला. पंप असा धडधडला! टाकी भरून वाहिली. बायका नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. कोणी विचारलं नाही कुठून झालं. मला वाटलं, मशीन एवढं मोठं, त्याच्या लाईटमधली चिमूटभर घेतली तर त्याला काय कळणार आहे.

त्याला कळत होतं. पंप सुरू होताना एकदम घोट घ्यायचा, आणि वर मशीनचा डोळा मिटायचा.

त्या वायरमनचं नाव मी इथे घेणार नाही. तू कधी घेतलं नाहीस.

तर तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. तो पांढरा पडला. "मावशी, गप बस. सावंतसाहेबांनी मला पण लाईन तपासायला सांगितली होती, मी ओके म्हणून सांगून बसलोय." वायर काढून टाक म्हणायला तोंड उघडलं, पण निघेना. पोरी नुकत्या पाणी प्यायला लागल्या होत्या. मग चौथ्या दिवशी पाणी आलं, मी पंप लावला, वर पोरी ओरडल्या "गेलं गं, परत गेलं!" आणि मी वहीत कळशी काढली नाही. पाचव्या दिवशी नाही. सहाव्या दिवशी नाही. झाडू काढला, कप काढला, मध्ये जागा सोडली. खोटं चित्र काढायला हात धजला नाही, म्हणून नुसती जागा सोडली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तू पाचही वह्या जमिनीवर पसरून मांडी घालून बसला होतास. मी फडकं मारत होते. वर न बघता विचारलंस, "मावशी, पाणी रोज येतं ना गो?"

"येतं की. कधी नाही पण येत."

"हं."

तो हं मला अजून ऐकू येतो. त्यात शंका नव्हती, राग नव्हता. दारात पाहुणा चप्पल काढत असला की आपण आतून म्हणतो ना, सावकाश या, तसा होता.

सातवा दिवस शुक्रवार. सकाळीच मॅनेजर दारात उभे राहून म्हणाले, "सावंत, उद्या दुपारी ट्रक सांगितलाय. मशीन चढवायला. तुझं सामान पण त्यातच टाक, वेगळी गाडी नको." तू म्हणालास, "उद्या दुपारला अजून वेळ आहे, साहेब."

जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले. तू डबा उघडून बसला होतास, बांगड्याचं कालवण. मी उभ्याउभ्या म्हटलं, "साहेब, त्या तीन दिवशी पाणी आलं होतं." आणि मग सगळं सांगितलं. कोणी जोडलं ते सोडून. म्हटलं, "माझ्या सांगण्यावरून झालं."

तू डबा बंद केलास. "चल, बघू."

"रागावला नाहीत?"

"रागवायला आधी खरं आहे की नाही ते तर बघू."

विनायक, मी आयुष्यात खूप माणसं बघितली. चूक कबूल केल्यावर शिव्या देणारी, माफ करणारी, रडणारी. कबूल केल्यावर खरं आहे का ते बघू म्हणणारा तू एकटा.

तू वर खिडकीत उभा राहिलास, हातात माझं पिवळं फडकं. मी खाली पंपाजवळ, नळाला पाणी नुकतंच आलं होतं. तू म्हणाला होतास, मशीन पडलं तर फडकं हलवीन. मी बटण दाबलं. फडकं हललं. थांबले. तू बोट वर केलंस, परत. दाबलं. परत फडकं. मग तू ओरडलास, "आता नुसता हात ठेव, दाबू नको!" मी हात ठेवला. फडकं हललं नाही. मला कळेना, हे कशाला? नंतर समजावलंस. "तुझा हात लागला की पडतं की बटण दाबलं की पडतं, ते वेगळं करायला नको?"

मग तू खाली आलास आणि मला वर पाठवलंस. "मी दाबतो. तू बघ. तुला बघायला पाहिजे."

त्या थंड खोलीत मी एकटी उभी होते. पोरी जेवायला गेलेल्या. हिरवी अक्षरं पळत होती. खालून तुझी हाक आली, आणि काच एकदम काळी झाली. पंख्याचा आवाज बसला. खोलीत असं शांत झालं की माझ्या बांगड्या मला ऐकू आल्या. आणि मग, कोणी काही न करता, कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला. मग एक ओळ. मग दुसरी. ते आपलं आपण उठत होतं, काय काय जागेवर आहे ते चाचपत. मी हात जोडले. देवाला नाही, आम्ही तसले हात जोडत नाही. इतक्या दिवसांत इतक्या वेळा त्याला मी पाडलं, आणि ते दर वेळेला असं उठलं होतं, आणि हे मला माहीत नव्हतं, म्हणून जोडले.

तू वर आलास तर मी रडत होते. म्हणालास, "काय गो घाटीणबाय, कारण सापडलं तर रडतात?"

"तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती. चौथ्या दिवसापासून. आधीच्या कळश्या फळ्यावरच्या वेळांशी जुळत होत्या. सुपरवायझरने लिहिलं होतं, नळाला पाणी आलं, बायका पाच मिनिटं जागेवर नव्हत्या. आणि तुझ्या वहीत कळशी नाही."

"मग बोलला का नाहीत? स्वतः पंप लावून बघायचा होता!"

"बघणार होतो. उद्या सकाळी. आजचा दिवस तुझ्यासाठी ठेवला होता."

"आणि मी बोललेच नसते, आणि उद्या सकाळी पाणीच आलं नसतं तर?"

"तर वाट लागली असती," म्हणालास, आणि हसत परत डबा उघडलास.

ह्यावर आपण तीन वर्षं भांडलो. मी म्हणायचे, तुझ्या पदरात दोन पोरं, माझ्या एका कळशीसाठी तू दिवस घालवायला नको होता. तू म्हणायचास, "शंकेवरून कुणाचं नाव घ्यायचं नसतं, मावशी. आणि माणसाला स्वतःहून सांगायला एक दिवस तरी मिळायला पाहिजे." मला अजून पटलेलं नाही. तू चुकलास. मी ह्या पुस्तकात पण तेच म्हणते. पण तुझी ती चूक नसती तर मी जन्मभर खाली मान घालून झाडलं असतं.

शनिवारी मॅनेजरसमोर तू कागद ठेवलास. मी दारात बादली घेऊन उभी होते, मुद्दाम. तू वाचलंस: पॅकिंगच्या बायकांना पाणी नाही. पंपाला स्वतःची पुरेशी लाईन नाही. म्हणून मशीन बंद पडतं.

"अरे पण मशीनच्या लाईनला पंप जोडला कोणी?"

"ते ह्यात नाही, साहेब."

"मला नाव पाहिजे."

"नाव काढलंत तर उद्या दुसरं कोणीतरी जोडेल. बायकांना तहान लागणारच. का जोडला ते बघा."

"सावंत, नाव दे. नाहीतर ह्या खात्याचा मुख्य तू होणार नाहीस, लक्षात ठेव."

मी बादली खाली ठेवली. एक पाऊल आत टाकलं. तू वळून पण न बघता हात मागे करून पंजा दाखवलास, थांब. आणि मॅनेजरला म्हणालास, "ठीक आहे साहेब. मशीन तरी राहतंय ना?"

मशीन राहिलं. पंपाला नवीन लाईन आली, पंधरा दिवसांत दुसरा संडास झाला. पॅकिंगच्या बायकांनी तुला नारळ आणि पेढे दिले. आणि तुझ्या डोक्यावर बाहेरून एक पोरगेला साहेब आणून बसवला, त्याला तूच मशीन शिकवलंस. एकदा पण मला ऐकवलं नाहीस. मी शेंगदाण्याची चटणी आणायचे, तू नाकाडोळ्यातून पाणी काढत खायचास, म्हणायचास, "तुमच्या तिखटाने एक दिवस मी मरणार." ती चटणी हेच माझं बोलणं होतं रे. तुझे उपकार आहेत, हे शब्द तोंडातून आले नाहीत. साहेबाला उपकार म्हणणं सोपं असतं. तुला म्हणणं जमेना.

त्या दिवशी मी थांबले, ते पण मला सांगायचंय. तू पंजा दाखवलास आणि मी थांबले. मला पुढे जाता आलं असतं. तुझा पंजा काही भिंत नव्हती. पण मी बादली उचलली. तुझी खुर्ची गेली ती तिथे गेली, तुझ्या शब्दाने नाही, माझ्या थांबण्याने.

परवाच्या शोकसभेत सगळे म्हणाले, साहेबांनी पाणी आणलं. खरं आहे. पण पहिली वायर मी ओढायला लावली, मशीन मी पाडलं, आणि नाव साहेबांनी गिळलं. आता मॅनेजर हे वाचतील. माझी नोकरी अजून दीड वर्ष आहे. काय करायचं ते करा. वायरमन कोण ते विचारू नका, सांगणार नाही.

काल तुझी बायको मंदा आली होती, डोंगर चढून. बसली, चहा घेतला. मग पिशवीतून माझी वही काढली. म्हणाली, "ह्यांच्या कपाटात होती. बाकीच्या चार नव्हत्या, ही एकच." मी उघडली. माझे झाडू, माझे कप, माझी वांग्यासारखी कळशी. चौथा, पाचवा, सहावा दिवस. जागा तशाच रिकाम्या. तुला किती वेळ लागणार होता तिथे तीन खुणा करायला? तुला वेळा पण माहीत होत्या. तू शिंका जपून ठेवणारा माणूस. पण ती जागा माझी होती, म्हणून तू तिला हात लावला नाहीस.

सुनंदा रडतेय. ती म्हणते, थांबू या मावशी. थांबू. पण आधी ते पेन इकडे दे.

वेळा मला पाठ आहेत. दहा चाळीस. आठ पंधरा. बारा पाच.

काढल्या बघ, विनायक. तिन्ही. मधली जरा वाकडी आलीय. पण कळशी आहे, कळतंय.